रोजच्या वैतागावर विनोदी लेख लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची सभा, बँकेची केवायसी, बंद पडलेली लिफ्ट, प्लंबरची वाट पाहण्यात गेलेला रविवार. अशा गोष्टींवर हलकंफुलकं लिहू पाहणाऱ्यांना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. नवख्यांनी पहिल्यापासून वाचावं. पाचदहा लेख लिहून झाले असतील तर थेट वाक्यरचनेच्या ('प्रसंग सांगताना सगळे हसतात') प्रश्नावर गेलात तरी चालेल.

वैताग तर रोजच येतो, पण लिहायला घेतलं की तक्रारअर्ज होतो. असं का?

कारण तक्रार करणारा वाचकाला आपल्या बाजूला ओढत असतो. 'किती हा मनस्ताप', 'कुणाला काही पडलेलीच नाही', 'आता मात्र हद्द झाली' असे उद्गार वाचकाला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकतात. मग त्याच्यासाठी काही उरत नाही. विनोदी लेखात निकाल वाचक देतो. आपण पुरावा मांडायचा.

'लिफ्ट महिनाभर बंद आहे आणि कमिटी ढिम्म आहे' ही तक्रार झाली. आता हे पाहा: 'लिफ्टच्या दारावर काम चालू असल्याची पाटी आहे. पाटीची चिकटपट्टी सुटली म्हणून परवा नवीन लावली.' यात कुणाला बोल लावलेला नाही, तरी किती दिवस झाले आणि काम किती झालं हे दोन्ही कळतं. कुणीतरी ती चिकटपट्टी नीट पाहिली होती, म्हणून हे वाक्य लिहिता आलं. खालच्या बऱ्याच उत्तरांचा धागा इथूनच निघतो: हसू तपशिलातून येतं, आणि तपशील अचूक असावा लागतो.

राग ताजा असताना टिपण करा, पण लेख लिहू नका. आठवडाभर थांबा. आठ दिवसांनीही प्रसंग सांगताना आवाज चढत असेल, तर तो अजून तक्रारच आहे.

विषयच सुचत नाही. काय करू?

विषय शोधू नका, टिपणं ठेवा. रोज तीन ओळी, त्याहून जास्त नकोत. पंधरा दिवसांत पंचेचाळीस ओळी होतात आणि त्यातल्या चारपाच उपयोगी निघतात. हे प्रमाण वाईट नाही.

कोणत्या ओळी लिहायच्या ते महत्त्वाचं. 'आज बँकेत खूप गर्दी' ही ओळ महिन्याने वाचली तर हातात काहीच लागत नाही. त्याऐवजी या चार गोष्टींपैकी एक तरी लिहा: कुणी बोललेलं वाक्य जसंच्या तसं, एखादा आकडा, एखादी वस्तू, किंवा नेमकी वेळ. 'टोकन १४७, पाटीवर ९८, काउंटरवरच्या पेनाला दोरा आहे, पेन नाही.' ही ओळ सहा महिन्यांनीही जिवंत राहते.

बोललेलं वाक्य दहाएक मिनिटांतच लिहून ठेवा. माणूस काय म्हणाला ते नंतरही लक्षात राहतं, पण कोणत्या क्रमाने म्हणाला ते विसरतं, आणि बोलण्यातली सगळी मजा त्या क्रमातच असते. 'येतो म्हणाला होता की तो' आणि 'तो येतो म्हणाला होता' यात माणूस बदलतो.

टिपणांचा लेख कसा होतो? एकदा पायरीपायरीने सांगाल का?

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं उदाहरण घेऊ, कारण हा विषय बहुतेकांच्या घरापर्यंत पोचलेला आहे.

पहिली पायरी: नियम काय आहे ते पाहा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते, आणि गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच दिवशी अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल' हे वाक्य सूचनेत आधीच छापून टाकतात. आता थांबून हे वाक्य पुन्हा वाचा. पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून सभा थांबते, आणि अर्ध्या तासाने त्याच माणसांची तीच सभा वैध होते. ही विसंगती कुणीही रचलेली नाही, ती मुळातच तिथे आहे. नियम माहीत नसता तर ती हातातून निसटली असती.

दुसरी पायरी: टिपणं एका कागदावर काढा. समजा एवढी आहेत. बत्तीस सभासद, आले अकरा. खुर्च्या पन्नास मागवल्या. समोसे साठ. तहकूब झालेल्या अर्ध्या तासात पार्किंगवर गप्पा झाल्या. सभा सुरू झाल्यावर त्याच विषयावर भांडण झालं. इतिवृत्तात लिहिलं, 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.'

तिसरी पायरी: यातली गाठ शोधा. गाठ म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी. खुर्च्या आणि समोसे गमतीचे आहेत, पण त्यांच्यात गाठ नाही. सभा नसताना जे जुळतं ते सभा सुरू झाल्यावर तुटतं, ही गाठ आहे. लेख एवढ्यावरच उभा करायचा. समोसे वगळायचे, कितीही जिवावर आलं तरी. ते दुसऱ्या लेखात येतील.

चौथी पायरी: पहिला खर्डा नऊशे शब्दांचा होऊ द्या आणि मग साडेसहाशेवर आणा. छाटताना आधी सुरुवात पाहा. पहिल्या खर्ड्यातला पहिला परिच्छेद जवळजवळ नेहमी अंग मोकळं करण्यासाठी लिहिलेला असतो. 'सोसायटी म्हटलं की सभा आलीच' अशी वाक्यं तिथे सापडतात. तो परिच्छेद काढून पाहा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

छाटून झाल्यावर मधला भाग साधारण असा दिसेल:

'दहाच्या सभेला अकरा सभासद जमले. गणपूर्तीला वीस लागतात, म्हणून सचिवांनी सभा अर्धा तास तहकूब केली. आता सभा नव्हती, त्यामुळे सगळे मोकळेपणाने बोलू लागले. सात वर्षांचा पार्किंगचा वाद वीस मिनिटांत मिटला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी स्कूटर खांबाच्या पलीकडे लावायचं आपणहून कबूल केलं. साडेदहाला सचिवांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. काका उभे राहिले. म्हणाले, माझा एक आक्षेप आहे.'

यात 'गंमत म्हणजे' नाही, उद्गारचिन्ह नाही, काकांच्या स्वभावावर एक शब्दही नाही. सात वर्षं, वीस मिनिटं आणि साडेदहा या तीन आकड्यांनी सगळं काम केलं आहे. 'खेळीमेळीच्या वातावरणात' हे अजून हातात आहे. ते शेवटासाठी राखून ठेवायचं.

प्रसंग सांगताना सगळे हसतात, लिहिला की कुणी हसत नाही. कुठे चुकतं?

बरेचदा क्रियापदापाशी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि हसू आणणारा शब्द त्याच्या आधी अडकतो. हसू फुटायच्या क्षणी 'ठरवण्यात आलेलं आहे' किंवा 'असल्याचं दिसून आलं' अशी शेपटी समोर येते आणि सगळं विरून जातं. बोलताना आपण हे आपोआप सांभाळतो, लिहिताना शाळेतल्या निबंधाची सवय परत येते.

'काकूंनी डाएट सुरू केल्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीत यापुढे दाण्याचं कूट फक्त एक वाटी घालायचं त्यांनी ठरवलं आहे.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या ठीक आहे, पण 'एक वाटी' नंतर ते चार शब्द चालत राहतं.

'काकूंनी डाएट सुरू केलंय. खिचडीत दाण्याचं कूट आता एकच वाटी.' वाक्य तोडलं, दुसऱ्या वाक्यातलं क्रियापद काढलं, आणि वाटी शेवटी आली.

दुसरा उपाय बोलीतलाच आहे: क्रियापद आधी, उरलेलं मागून. 'आला एकदाचा प्लंबर. पाना न आणता.' हे दोन्ही उपाय एका लेखात तीनचारदाच वापरा. प्रत्येक परिच्छेद तसाच संपू लागला की वाचकाला पुढच्या झटक्याचा आधीच अंदाज येतो.

तिसरी गोष्ट लहान शब्दांची. 'च', 'तर', 'म्हणे', 'बरं का', 'एकदाचा' हे मराठीतले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेमके शब्द आहेत. 'पाणी उद्या येणार आहे' ही बातमी झाली. 'पाणी उद्या येणार म्हणे' यात सांगणाऱ्याचा मागच्या दहा दिवसांचा अनुभव येतो. हे शब्द नीट जागेवर बसले तर अख्खं वाक्य वाचतं.

खर्डा झाल्यावर हे शोधून काढून टाका: 'गंमत म्हणजे', 'मजेशीर गोष्ट अशी की', 'हसावं की रडावं कळेना', ओळीने तीन उद्गारचिन्हं, आणि हसरे चेहरे. हसू येण्याआधी त्याची दवंडी पिटली की ते येत नाही.

कोट्या किती चालतात?

सहाशे शब्दांत एक, फार तर दोन. आणि झिजलेली नको. पावसाळ्यात टोमॅटो महागले की 'टोमॅटो भाव खातोय' ही कोटी दरवर्षी हजारो लोकांना एकाच दिवशी सुचते. पहिल्यांदा सुचलेली कोटी साधारण सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचलेली असते, म्हणून ती सोडा आणि पुढची शोधा. पुढची सुचली नाही तर कोटीशिवाय लिहा.

अतिशयोक्ती कुठपर्यंत ताणायची?

पायऱ्यांनी चढवा. पहिली पायरी खरी, दुसरी शक्य, तिसरी अशक्य, आणि तिथून लगेच खाली या. केवायसीचं पाहा. पहिल्या खेपेला आधार आणि पॅन दिलं. दुसऱ्या खेपेला दोन फोटो आणि विजेचं बिल दिलं. तिसऱ्या खेपेला बिलावर ज्यांचं नाव आहे ते आजोबा मागितले. चौथी पायरी घेऊ नका. थेट 'आजोबा एकोणीसशे ब्याण्णव साली गेले' अशा साध्या, खऱ्या वाक्यावर उतरा.

आकडे मोजून लिहा. 'सतराशे साठ कागद' आणि 'छप्पन्न खेपा' हे वाक्प्रचार झाले, वाचक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. 'चार खेपा, त्यातली एक चुकीच्या शाखेत' यावर तो थांबतो.

सरकारी मराठीत घरगुती विषय लिहिला तर विनोद होतो का?

होतो, पण साचा पूर्ण पाळला तरच. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की', खाली सही आणि प्रत कुणाला, हे सगळं जागच्या जागी हवं.

'विषय: स्वयंपाकघरातील बरणी क्र. ३ मधील चकल्यांच्या घटत्या संख्येबाबत. संदर्भ: आजी यांचे दि. ४ रोजीचे तोंडी निवेदन.'

फसतं ते दोन कारणांनी. मध्येच लेखक साच्याबाहेर येऊन स्वतःच्या आवाजात बोलतो, किंवा साचा इतका लांबतो की वाचक दमतो. तीनशे शब्दांच्या पुढे नेऊ नका. आणि 'केलं, आलं' इथे चालत नाही, 'केले, आले' हवं.

मग एरवी 'असं' लिहायचं की 'असे'?

विनोदी लेख बोलल्यासारखा असतो, म्हणून 'असं, केलं, आलं' बरं वाटतं. मात्र एकदा ठरलं की निवेदनात शेवटपर्यंत तेच ठेवा. एका परिच्छेदात 'गेलं' आणि पुढच्यात 'गेले' आलं की वाचकाला वाटतं माणसं वाढली.

बायको, नवरा, सासू यांच्यावरचे विनोद अजून चालतात की नाही?

लोक पाठवतात, म्हणून चालतात असं वाटतं. पण लिहिणाऱ्याने ते टाळावेत. त्यात खरी बायको किंवा खरी सासू नसते. असतो तो वर्षानुवर्षं वापरलेला मुखवटा, आणि मुखवट्याला तपशील नसतात. तुमच्या सासूबाई फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहीत असतील, तर त्या डब्यांवर लिहा. तो विनोद फक्त तुमच्याकडे आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट: हसू कुणावर येतंय ते तपासा. सभेचा अध्यक्ष, नियम, यंत्र, निवेदक स्वतः, यांच्यावर खुशाल येऊ द्या. घरकामाच्या ताई, वॉचमन, डिलिव्हरीची मुलं यांच्या उच्चारांवर, इंग्रजीवर किंवा गरिबीवर आणलेलं हसू लेखाला खाली ओढतं. त्यांना लेखात जरूर आणा. पण बहुतेक वेळा इमारतीतली सगळ्यात शहाणी नजर वॉचमनची असते, ती तशीच दाखवा.

मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी संवाद घातले तर मजा येते. घालावेत का?

बोली घरची असेल तर अवश्य. ऐकीव असेल तर ती बोलणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका. 'बे' आणि 'ना भाऊ' पेरलं की वऱ्हाडी होत नाही, आणि शेवटी 'गो' लावलं की मालवणी होत नाही. क्रियापदांची रूपं चुकतात, आणि त्या भागातला वाचक पहिल्याच ओळीत दुरावतो.

एक कसोटी उपयोगी पडते. लेखातलं बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत लिहून पाहा. तरीही हसू येत असेल तर वाक्यात दम आहे, आणि बोलीत ते आणखी खुलेल. हसू गेलं, तर तुम्ही बोलीलाच हसत होता. मग ते वाक्य काढून टाका. बोली म्हणजे लोकांची आई बोलते ती भाषा, ती कुणाच्या हसण्याचं खेळणं होऊ देऊ नये.

घरचे किंवा शेजारी ओळखतात आणि दुखावतात. काय काळजी घ्यावी?

नाव बदलणं पुरत नाही. 'बी विंग, तिसरा मजला, बँकेतून निवृत्त' एवढं लिहिलं की इमारतीत सगळ्यांना कळतं. किमान तीन गोष्टी बदला: मजला किंवा इमारत, व्यवसाय, आणि घरातली माणसं. दोन माणसांचं एक पात्र केलं तर उत्तम. तपशील अचूक हवा म्हणताना प्रसंगाचा तपशील अभिप्रेत आहे, माणसाचा पत्ता नाही.

घरच्यांवर लिहिलेलं आधी त्यांना वाचायला द्या, आणि 'हे नको' म्हणाले तर काढा, वाद न घालता. आजार, पैसा, लग्न न जमणं आणि मूल न होणं हे विषय दुसऱ्याच्या घरातले असतील तर हातच लावू नका.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे. नाव न घेता लिहिलं तरी माणूस ओळखू येत असेल तर अडचण होऊ शकते. 'विनोद म्हणून लिहिलं' एवढ्याने सुटका होईल असं धरून चालू नका. खजिनदार पैसे खातो असं सुचवणारी ओळ गमतीत लिहिली तरी ती आरोपच आहे.

टोपणनावाने लिहिलं तर?

मराठीत ही रीत जुनीच आहे. राम गणेश गडकरी कविता 'गोविंदाग्रज' नावाने लिहीत आणि विनोदी लेख 'बाळकराम' नावाने. वेगळ्या नावामुळे आवाजही वेगळा ठेवता येतो, हा खरा फायदा. टोपणनावामागे लपून कुणावर तोंडसुख घेता येतं असं वाटत असेल तर तसं नाही, जबाबदारी लिहिणाऱ्याचीच राहते. एक नाव ठरवा आणि तेच ठेवा.

'दुसऱ्या' लिहिलं की 'दुसर्या' दिसतं, 'ॲप' तुटतं. टायपिंगचं काय करावं?

'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कोऱ्या' यांतला अर्धा र साध्या 'र'पासून केला की तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, जसा 'सूर्य'मध्ये. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्या, मग हलंत, मग 'य' किंवा 'ह'. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की 'ऱ' येतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहीत असाल तर सुचवलेल्या शब्दांतून नीट पाहून निवडा, पहिला आला तोच घेऊ नका. विनोदी लेखात याने अर्थही बदलतो: 'आचाऱ्यांनी' म्हणजे स्वयंपाक्यांनी, 'आचार्यांनी' म्हणजे गुरूंनी. पंगतीच्या वर्णनात गुरुजी भजी तळताना दिसतील.

'ॲ' हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे. ते न मिळाल्यास लोक 'अ' लिहून वर चंद्र जोडतात, आणि काही फोनवर तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर वेगळा पडतो. एकदा योग्य अक्षर शोधून टिपणांत साठवून ठेवा आणि तिथून उचला.

बोलून टाइप करत असाल तर विरामचिन्हं आणि लहान शब्द पुन्हा तपासा. 'च' आणि 'म्हणे' तिथेच गळतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे लेखाची मजा बरेचदा त्यांच्यातच असते. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फाँटमधली जुनी फाइल नुसती चिकटवली तर अक्षरांचा चिवडा होतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार व जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून काढा.

परदेशात राहतो. तिथल्या गोष्टी मराठीत विनोदी होतात का?

होतात, पण 'आपल्याकडे असं नसतं' या तुलनेवर लेख उभा करू नका, ती वाट मळलेली आहे. तिथल्या नियमाच्या पोटात शिरा. जर्मनीत रिकाम्या काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगांप्रमाणे वेगळ्या टाकायच्या असतात, आणि रविवारी टाकायच्या नसतात, कारण आवाज होतो. निळी बाटली हातात घेऊन तीन भोकांसमोर उभा असलेला सोलापूरचा माणूस एवढं चित्र पुरेसं आहे. पुण्यात काय करतात ते सांगायची गरज नाही.

दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर?

१९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा विनोदी लेखकांना आजही मोठा आधार देते. पाठवायची वेळ मात्र दिवाळीच्या खूप आधीची. जुलै-ऑगस्टपर्यंत लेख पोचलेला बरा, गणपतीनंतर पानं लागायला लागतात. वर्तमानपत्री सदराला पाचशे ते सातशे शब्द चालतात, दिवाळी अंकातली विनोदी कथा दोन-अडीच हजारांपर्यंत जाते. अंकाने मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

मजकूर युनिकोडमध्ये, साध्या वर्ड फाइलमध्ये पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे अक्षरं बिघडली तर संपादकाला मूळ दिसेल. मोबाइलच्या पडद्याचे फोटो पाठवू नका. एक लेख एका वेळी एकाच अंकाला. दोन ठिकाणी छापून आला तर दोन्ही दारं बंद होतात. मानधनाचं आधीच विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आणि फराळ, फटाके, बोनस हे विषय टाळा, संपादकाच्या टेबलावर त्यांचा ढीग असतो.

लेख नावाशिवाय व्हॉट्सॲपवर फिरतो. काही करता येतं का?

भारतात लेख लिहिला की स्वामित्वहक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, अगदी छापण्याचे हक्क दुसऱ्याला दिले तरी.

व्यवहारात मात्र आधी पुरावा लागतो. अंतिम खर्डा स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारीख नोंदली जाते. नाव वर आणि खाली दोन्हीकडे लिहा. पुढे पाठवणारे बहुधा खालची ओळ कापतात. कुणी नाव काढून स्वतःच्या भिंतीवर टाकला असेल तर पहिला निरोप खासगी आणि साधा ठेवा: 'हा लेख माझा आहे, नाव टाकाल का?' बरेच जण टाकतात, कारण त्यांनाही तो नावाशिवायच मिळालेला असतो. नाही ऐकलं तर त्या माध्यमाकडे स्वामित्वहक्काची तक्रार मूळ लेखाच्या दुव्यासकट नोंदवा. व्हॉट्सॲपवर सुटलेला लेख परत आणता येत नाही. म्हणून आधी अशा ठिकाणी टाका जिथे तारीख आणि नाव कायम दिसेल.

कुणाला वाचायला द्यावं, आणि काय विचारावं?

एकाच माणसाला, आणि मोठ्याने वाचून दाखवा. साडेसहाशे शब्दांना पाचएक मिनिटं लागतात. 'कसं वाटलं?' विचारू नका, उत्तर 'छान' येतं. वाचताना पेन हातात ठेवा. ऐकणारा हसला तिथे खूण, आणि त्याची नजर फोनकडे गेली तिथे दुसरी खूण. नजर गेली त्याच्या आधीची तीन वाक्यं छाटायची आहेत. तुमची स्वतःची जीभ जिथे अडखळते ते वाक्यही लांब झालेलं असतं.

शेवट जमत नाही. नेहमी काहीतरी उपदेश येतो.

शेवटचा परिच्छेद काढून पाहा. 'असो', 'शेवटी काय, आयुष्य हे असंच', 'पण यातच तर खरी मजा आहे' यांपैकी काही सापडलं तर लेख आधीच संपला होता. शेवट एखाद्या वस्तूवर, कृतीवर किंवा बोललेल्या वाक्यावर करा, आणि ती वस्तू लेखात आधी एकदा येऊन गेलेली असू द्या.

वरच्या सभेचा शेवट असा होऊ शकतो: 'पार्किंगचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. पोलिसांना फोन करायचा की नाही, यावर मतदान झालं नाही. इतिवृत्तात लिहिलं, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. सूचक, दुसऱ्या मजल्यावरचे काका.'

अर्ध्यावर अडकलेला लेख कधी सोडून द्यावा?

तीन बैठका देऊनही गाठ एका वाक्यात सांगता येत नसेल तर सोडा. फाइल पुसू नका, पण टिपणं सोडवून परत वहीत टाका. साठ समोसे अजून तिथेच आहेत.